म्हापशाच्या दवाखान्यात आलेला अवसर

धारगळ, पेडणे
बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप गंगाअक्काच्या पायांवर धाकटा भाऊ कृष्णनाथ याचं डोकं (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हा नमस्कार कागदावरच मानून घ्यावा).

तुझा गुडघा, तुझा दमा आणि तुझी सून, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. बांद्याला थंडी अजून असेल तर सकाळी अंगणात उघड्या डोक्याने फिरू नकोस. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य पत्रात सवयीनं लिहितात, पण या खेपेला मी ते विचार करून, पेन दोनदा थांबवून लिहिलं आहे. आम्ही बरे आहोत आणि आम्हांत मीही आलो. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर बोलायला लागलो की विमला शेजारी उभी राहून माझी वाक्यं पुरी करते. नवरा-बायकोत तेवढं चालायचंच, पण माझ्या आजाराची हकिकतसुद्धा तीच सांगणार म्हटल्यावर मला राग आला. (राग आला याची नोंद घे. त्याचं कारण पुढे येईल.)

दोन वर्षं मी कसा होतो ते तू पाहिलंस, पण आत काय चाललं होतं ते कोणाला सांगितलं नाही. जनेलाकडे, उघड्या खिडकीकडे, पाठ करून भिंतीकडे तोंड, असा मी पडून असायचो. अंघोळ म्हणजे मोठं काम. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी चाळीस वर्षं माझ्या हातानं बांधली, ती गेल्या साली जावयानं बांधली, आणि तिचा एक नारळ आरतीत माझ्याच डोक्याजवळ पडला तरी मी मान वळवली नाही. रोज सकाळी जाग आली की पहिला विचार, परत जाग आली. मरून गेलो तर बरं, असं वाटायचं, आणि ते वाटणं रडण्यासारखं नव्हतं, हिशोबी होतं. डॉक्टरांनी एका जातीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली. दुसऱ्या जातीच्या दिल्या, त्यांनी पोट सुटलं. तिसऱ्या पहिल्यांच्या जोडीला दिल्या, त्यांनी तोंडाला कोरड पडली. दुःख मात्र जिथल्या तिथे, सर्व्हेच्या दगडासारखं. मी पस्तीस वर्षं सर्व्हे खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, तेव्हा न हलणारा दगड कसा असतो हे मला माहीत आहे.

शेवटी डिसेंबरात म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तऱ्हेच्या गोळ्यांना जे दुखणं दाद देत नाही त्याला आता केटामाईन देऊन बघतात. शिरेतून, अगदी थोडं, चाळीस मिनिटं थेंबथेंब, आणि त्यानंतर दोन तास नजरेखाली. घरी येऊन मी नाव सांगितलं मात्र, हाहाकार झाला. आमचे जावई प्रज्योत, ज्यांच्या हरमलला पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, ते उभेच राहिले. "मामा, त्या नावाच्या पुडयेखातीर पोलिसांनी म्हजी एक खोली उसपून काडली! आनी तुमी तें पैशे दिवन घेवपाचें?" मग गुरांचे डॉक्टर भेटले. ते म्हणाले, छान औषध, आम्ही कुत्र्याला टाके घालताना देतो. म्हणजे एकीकडे समुद्रावर नशा करणारे गोरे आणि दुसरीकडे कुत्रे, आणि मधे मी. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, ऑपरेशनला भूल म्हणून हे औषध कितीतरी वर्षं वापरात आहे, तिथून ते चोरीच्या वाटेनं समुद्रावर गेलं, त्यात औषधाचा काय दोष. मी कबूल झालो. धीर होता म्हणून नव्हे. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

आता अडचण अशी की सुई घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कोणीतरी न्यायला-आणायला हवं. जावई पाहुण्यांत गुंतलेले. विमलेनं मला न विचारता कोणाला फोन केला असेल? धाकूला. होय, आपल्या काकांचा धाकू, ज्याच्याशी काजूच्या डोंगराच्या शीमेवरून अकरा वर्षं माझं बोलणं नाही. त्यानं आमच्या बाजूला दगडांचा गडगा घातला, मी अर्ज केला, त्यानं उलट अर्ज केला. (साऱ्या तालुक्याच्या शीमा मी मोजल्या, पण स्वतःच्या मोजायच्या तर म्हणे तू घरचा माणूस, तुझी साखळी खोटी.) तो टॅक्सी घेऊन सात वाजता दारात हजर. धारगळहून म्हापशापर्यंत एक शब्द नाही. मधे फक्त खड्डा आला की तो "आं" म्हणायचा, तेही खड्ड्याला.

पहिल्या खेपेला मी बराचसा झोपलोच. खरी गंमत दुसऱ्या खेपेची. आत एकालाच बसू देतात, तशी विमला बसली होती. धाकू माझी फाईल द्यायला आला आणि दाराशीच रेंगाळला. सुई लागली, दहा मिनिटं गेली आणि अक्का, छप्पर वर उचललं गेलं. माझे हातपाय एखाद्या नकाशासारखे खाली पसरलेले, आणि मी वरून ते मोजतोय. भीती नव्हती, फक्त कुतूहल. बऱ्याच दिवसांनी मला कशाचं तरी कुतूहल वाटत होतं. एवढ्यात म्हणे माझे हात थरथरले, मान डुलायला लागली आणि मी घशातून एका सुरात हुंकार द्यायला लागलो. आता तूच सांग, आपल्याकडच्या माणसाला हे पाहून काय वाटेल? जत्रेत अवसर येतो तेव्हा देव अंगात शिरताना अगदी असंच होतं. विमला ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून म्हणाली, "देवा म्हाराजा, आयलो?"

पाळीवरची नर्स ऋतिका ही शिक्षण घेतलेली मुलगी, पण शिरगावची. लईराईच्या जत्रेत जिच्या घरचे दरवर्षी निखाऱ्यांवरून चालतात, तिनं आधी हात जोडले आणि मग तिला माझा रक्तदाब आठवला. डाव्या हातानं नमस्कार आणि उजव्या हातानं यंत्राचं बटण, असं तिनं दोन्ही सांभाळलं. (दाब ठीक होता. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. त्यांना तिनं नंतर सगळं खरं सांगितलं आणि ते टेबलावर डोकं ठेवून हसले.) दाराशी धाकू मात्र साष्टांग आडवा. देव आलाय, म्हणजे विचारून घ्यायला हवं, ही रीतच. तो म्हणाला, "देवा, आमच्या दोंगराचे शीमेचें कितें तें एकदां सांगून सोड!"

त्याच वेळी मला समोरची निळी भिंत हळूहळू माझ्याकडे सरकताना दिसत होती. मोजणीदाराच्या सवयीनं मी तिला मागे हटायला बजावलं, "दोन पावलां फाटीं सर."

धाकूनं जमिनीला कपाळ टेकलं. मग विमलेची पाळी आली. तिनं डोंगर विचारला नाही, लेकीचं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हे बरे जातले मरे देवा?" मी बरा होईन ना, हे तिचं विचारणं मला ऐकू आलं, अक्का. फार लांबून, विहिरीच्या तळाला ऐकू यावं तसं, पण आलं. दोन वर्षं ती हा प्रश्न मनात घेऊन माझ्या ताटात भात वाढत होती आणि मला वाटत होतं की माझ्यामुळे ती कंटाळली आहे. मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड कुठे ठेवलंय ते सापडेना. ती तशीच पदर घेऊन माझा पाय धरून बसून राहिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर, आमचा पाववाला, भोंपू वाजवत आला. मी अंथरुणात होतो. विमलेनं हातात पोई, कोंड्याचा पाव, दिली ती बोटभर लहान, आणि अक्का, मला राग आला. सरळ, चांगला, टाळूपर्यंत चढणारा राग. मी बनियनवर फाटकापर्यंत गेलो आणि त्या पोदेराला म्हटलं, ही पोई आहे की गोळी? तो बिचारा घाबरून दोन जास्तीच्या देऊन गेला. मागे वळून पाहतो तर विमला पायरीवर बसून रडतेय आणि हसतेय. म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा भांडलात. त्या दिवशी आम्ही चहाबरोबर पाच पोया संपवल्या.

इकडे धाकूनं तीन दिवस खपून आपला गडगा स्वतःच्या हातानं काढला आणि दोन पावलं मागे घालायला घेतला. गावभर झालं की देवानं निवाडा दिला. मला मात्र झोप येईना (यावेळी सरळ कारणासाठी). खात्यात असताना मी कधी खोटं माप दिलं नाही, आणि आता दवाखान्याच्या भिंतीला दिलेली दटावणी देवाच्या नावावर खपवू? चौथी सुई झाल्यावर मी काठी घेऊन डोंगरावर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. देव नव्हता, औषध होतं, मी भिंतीशी बोलत होतो. तो दगड रचत होता. थांबला नाही. म्हणाला, "म्हाका कळना व्हय? देव पावलांनी मेजता? कितलींशींच वर्सां म्हाका फाटीं सरचें आशिल्लें. कोणें तरी सांगपाक जाय आशिल्लें." म्हणजे मागे सरायचं त्याच्या मनात होतंच, फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं. मग एक दगड माझ्या हातात दिला. मी तो लावला. वाकडा लागला, त्यानं काढून नीट लावला.

सहा सुया झाल्या. आता महिन्यातून एक आणि गोळ्या चालूच. डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यांना लागू पडत नाही, पडलं तरी कायमचं असेल असं नाही, परत अंधारून आलं तर लपवू नका, लगेच या. मी बरं म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. मला काल भूक लागली, अंघोळीला पाणी कमी पडलं म्हणून बोललो, आणि संध्याकाळी टाकीवर बसलेल्या एका खंड्याकडे पंधरा मिनिटं बघत उभा होतो. एवढंच. पण एवढं होतं हेच मी विसरलो होतो. बांद्यातल्या सगळ्या थोरांना नमस्कार आणि लहानांना माझ्याकडून एकेक धपाटा.

तुझा,
कृष्णनाथ

ता. क. यंदाची आमसुलं तुझ्याकडून आली नाहीत. विमला काही बोलत नाही, पण बरणी रिकामी करून समोर ठेवते.

ता. क. दुसरा, आणि हे पत्र खरं यासाठी. गेल्या मे महिन्यात मी मानकुराद आंबे घेऊन तुझ्याकडे आलो होतो. त्या दिवशी तुझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, मी एक बंद पाकीट ठेवून आलो. वर लिहिलंय, मी नसताना उघडावं. ते न वाचता चुलीत घाल. आजच घाल. विमलेला कधी कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. वरचं लिहून या पत्राच्या पाकिटाला गोंद लावणार होतो, तेवढ्यात सुचलं. गेले नऊ महिने तू रोज सकाळी सातला फोन करून मला विचारतेस, "आज नुस्तें कितें हाडलां?" मी चिडायचो, या बाईला बांद्याला बसून माझ्या ताटातल्या मासळीशी काय घेणं. पण अक्का, तू सोमवारीही विचारतेस. सोमवारी आपल्या घरात नुस्तें शिजत नाही हे मला तूच लहानपणी शिकवलंस.

म्हणजे ट्रंकेतलं ते तू वाचलं आहेस. बरं झालं वाचलंस. आज तारले आहेत, ताजे. उद्याही विचार.