म्हशीने ओळखलेली चाल

२५ डिसेंबर, संध्याकाळ

हे गेल्यापासून म्हैस नीट पान्हा सोडत नाही. जाऊबाई आजही म्हणाल्या, "इकून टाक की. नुसतं शेण काढायला पोसतीस व्हय?" बाजार उद्याच आहे.

धार काढायला बसले तेव्हा रेडिओवर नाताळच्या जुन्या गाण्यावर रचलेलं वाद्यवृंदाचं संगीत लागलं होतं. एवढ्या वाद्यांतून मधेच ह्यांची चाल वर आली. मिशनच्या शाळेत शिकलेली ती चाल हे धार काढताना गुणगुणायचे, आणि मी जन्मभर भजन समजत होते. म्हशीने कान दाराकडे फिरवले आणि पान्हा सोडला.

संगीत संपल्यावर मी हात लांबवून रेडिओ बंद केला. तरी धार थांबली नाही, आणि तिचे कान दाराकडेच. मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का?

जाऊबाईंना सांगून आले, म्हैस विकायची नाही. का, ते सांगितलं नाही.