चेटकिणीचा वाकडा दात

प्रिय थापाडे,

तुझं चार पानी पत्र पोचलं. शेवटचं पान मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी देईन, कारण आधी बातमी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात ती राहणार नाही. खोली वाचली गं! तळमजल्यावरची आपली ती मेणाच्या आणि प्लॅस्टरच्या वासाची खोली, जिथे बसून मी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, तिला आता कुलूप लागणार नाही. मी जिंकले, आणि तेही सगळ्या इमारतीच्या देखत. अडुसष्टाव्या वर्षी असं लिहिणं शोभत नाही म्हणे. न शोभू दे.

नोटिशीबद्दल तुला आपल्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी कळवलंच होतं. तळमजल्यावरच्या उद्योगांमुळे रहिवाशांत भीती पसरते, नवे भाडेकरू टिकत नाहीत, सबब खोली महिन्याभरात रिकामी करावी, असा ठराव. कागदावर चेटकीण हा शब्द नव्हता, तेवढी लाज राखली होती. पण जिन्यात, लिफ्टमध्ये, नळावर दुसरं काय चालतं? मी मोठ्या पातेल्यात माणसांचे जबडे उकळते. (उकळते की! साचा उकळल्याशिवाय कवळी कडक कशी होणार?) मी खोटं बोलणाऱ्या पोरांचे दात मोजून ठेवते. आणि माझ्या खिडकीत जो डोकावेल त्याचा आठवड्याच्या आत दात पडतो. ही शेवटची गोष्ट तर पिढ्यानपिढ्या खरी ठरत आलीय, कारण डोकावणारं प्रत्येक पोर सहा-सात वर्षांचं असतं. दात पडणार नाहीत तर काय होईल! पुढे ही पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि ठरलेली सोयरीक मोडली किंवा नोकरी गेली तरी बोट माझ्या खिडकीकडे. इतकी वर्षं मी हसण्यावारी नेलं. नोटीस हातात पडली तेव्हा मात्र हसू आलं नाही. खोली गेली तर मी या हातांचं करायचं काय, मला दुसरं येतं काय, हे तुला सांगायला नको.

ठरावावर मत घ्यायला सभा रविवारी सकाळी, खालच्या हॉलमध्ये. अध्यक्ष हेडमास्तर. त्यांची शाळा सुटून दहा वर्षं झाली, पण छडी काही हातातून सुटलेली नाही. मी मागच्या रांगेत बसले. माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. हेडमास्तर बोलायला उठले ते बसेचनात. एकविसाव्या शतकात आपण अंधश्रद्धा मानत नाही असं म्हणाले, आणि लगेच म्हणाले की तरीसुद्धा त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या वस्तू घराघरांत जाणं बरं नव्हे. मी रागाने त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. बघता बघता माझं रागावणं थांबलं. वरच्या ओळीत, मधल्या दोन दातांच्या डावीकडचा दात किंचित आत वळलेला. मी पुन्हा पाहिलं. ते आपले हात वर करकरून माझ्याविरुद्ध बोलत होते, आणि बोलत होते माझ्याच दातांनी!

तुला ठाऊक आहे, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर मापं पाठवतात त्यावर फक्त नंबर असतो. मी कोणाचे दात करतेय ते मला कळत नाही, आणि आपले दात कोणी केले हे तोंडवाल्याला कळत नाही. हेडमास्तरांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोणाच्या तोंडात काय आहे ते चारचौघांत काढायचं नाही. चाळीस वर्षं पाळलेली गोष्ट एका रविवारसाठी मोडायची? मी ते वाक्य गिळून टाकलं.

मग मला बोलायला दोन मिनिटं दिली. मी म्हटलं, मी कोणाचं नाव घेणार नाही, मला नावं माहीतही नाहीत. पण या इमारतीतली बरीच माणसं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातात, आणि त्यांची प्रत्येक कवळी माझ्या खोलीत होते. अगदी सरळ रांगेतले दात खोटे दिसतात, म्हणून मी प्रत्येक कवळीत वरचा, मधल्या दोघांच्या डावीकडचा दात जरासा आत वळवते. ज्यांना गरज असेल त्यांनी तोंड मिटून जीभ लावून बघा आणि मग हात वर करा. एवढं बोलून मी बसले.

पोरी, तू तिथे असायला हवी होतीस! हॉलमधल्या निम्म्या लोकांचे ओठ आतून फुगतायत. बसकंडक्टर छताकडे बघत जीभ फिरवतोय. त्याची बायको त्याच्याकडे बघतेय, आणि तिचाही ओठ फुगलाय. इस्त्रीवाल्या मावशींना जिभेवर भरवसा नसावा. त्यांनी सरळ कवळी काढली, खिडकीच्या उजेडात धरली, चहूबाजूंनी पाहिली, परत बसवली आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉलच हसायला लागला.

हेडमास्तर मात्र हसले नाहीत. हात मोजायला उभे होते, तसेच उभे राहिले. त्यांचाही ओठ हलला, हे फक्त मी पाहिलं. ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं, आणि मीही मरेपर्यंत सांगितलं नसतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तीन वर्षं मी या बाईंच्या दातांनी जेवतोय. ठराव मी मागे घेतो." त्या माणसावर मी किती वर्षं दात धरून होते, पण त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. नंतर त्यांनीच लिहून घेतलं की मी म्हणेन तोवर खोली माझी. सगळ्यांनी हात वर केले. नुकत्याच राहायला आलेल्या, बत्तिशी शाबूत असलेल्या जोडप्यानेसुद्धा.

आता तुझं शेवटचं पान. चेटकिणीची गोष्ट आठव्या वर्षी तूच उठवलीस, आत्यावर हे सगळं तुझ्यामुळे आलं हे उमगल्यापासून गेली सहा वर्षं तुला माझ्यासमोर यायचं धैर्य झालं नाही, असं लिहितेस. वेडाबाई, मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझा बाप तुला माझ्याकडे सोडून बोटीवर नोकरीला गेला, तेव्हा आईवेगळी म्हणून गल्लीतली पोरं तुला रोज रडवायची. एका दुपारी तू दारात उभी राहून त्यांना ठणकावलंस, माझी आत्या चेटकीण आहे, ती तुमचे सगळे दात काढून घेईल. मी दाराआडच होते. पोरांचा विश्वास बसत नव्हता गं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात मोठा जबडा उचलला, आ वासून खिडकीत ठेवला आणि पातेल्याची वाफ मुद्दाम तिकडे सोडली. ती खिडकी माझं काम आहे, तुझं नाही. माफी मागायचीच असेल तर दोघींनी एकमेकींची मागू, पण इथे येऊन, समोरासमोर. हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहितेय. त्या सकाळनंतर तुला कोणी बोट लावलं नाही. तेवढ्यासाठी आणखी तीस वर्षं चेटकीण म्हणवून घ्यायची माझी तयारी आहे.

तुझीच,
सर्वानुमते कायम झालेली
चेटकीण आत्या