उतारावरची बचत

३ फेब्रुवारी, सोमवार

पेट्रोल पुन्हा वाढलं! मागच्या वाढीचा राग अजून निवला नव्हता, तेवढ्यात ही नवी. पंपावर नेहमीचा माणूस होता. हल्ली तो माझ्याकडे बघतच नाही, नुसता नळी हातात घेऊन उभा राहतो. मी म्हटलं, "कपभर घाल, चहाएवढं." मागचा टेम्पोवाला हसला. पंपावरचा हसला नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? दर काय तो ठरवतो? दिवसभर चुटपुट लागून राहिली. उद्या त्याच्याशी नीट बोलायचं.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालकांचा नवा हुकूम – पहिले काही धडे बंद गाडीत. म्हणजे शिकायला आलेल्याने अंगणात उभ्या गाडीत बसायचं, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, आणि मी शेजारी बसून म्हणायचं, "हं, आता गाडी निघाली. आता वळण आलं." इतकी वर्षं माणसांना रस्त्यावर आणलं, आता या वयात नाटक कंपनी! आज एका कॉलेजच्या मुलीने खोट्या वळणावर खरा हॉर्न वाजवला. मालक धावत बाहेर आले.

७ फेब्रुवारी

टीव्हीवर मंत्री म्हणाले, लोकांनी थोडं चालावं, प्रकृतीला बरं असतं. त्यांच्या मागे गाड्यांची रांग, सगळ्यांची इंजिनं चालू. मी रिमोट उचलला. ही म्हणाली, "फेकू नका, तोही महाग झालाय."

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक युक्ती काढली आहे. कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहितो. पाण्याच्या टाकीपासून बाजारापर्यंत लांबलचक उतार आहे. रिकामी गाडी परत आणताना टाकीपाशी इंजिन बंद करून टाकायचं. गाडी आपली आपण खाली येते. असं करू नये, हे मीच प्रत्येकाला पहिल्या दिवशी घोकून सांगतो. पण मी एकटा असताना कोण बघतंय? इंजिन थांबलं की काय शांत वाटतं! तेवढ्या रस्त्यावर सरकारला माझ्याकडून एक थेंबही कर मिळत नाही. बाजारापर्यंत मी राजा असतो.

तशी बचत किती होते? सांगण्यासारखी नाहीच. पण जिवाला बरं वाटतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज वहिनी आल्या! मालकांनी नव्या नावांची यादी वाचली तेव्हा लक्षात आलं नाही. अंगणात आलो तर गाडीपाशी वहिनी उभ्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मला बघून म्हणाल्या, "तुमच्याकडेच शिकायचंय भाऊजी. दुसरं कुणी रागावलं तर मला रडू येईल." मी काय रागावत नाही? पण ते त्यांना माहीत नाही.

दादाचे डोळे अधू होत चाललेत. संध्याकाळी समोरचं नीट दिसत नाही, तरी कबूल करत नाही. मागच्या महिन्यात गाडी फाटकावर घासली आणि फाटकालाच शिव्या दिल्या. डॉक्टरने गाडी बंद म्हणून सांगितलं. तपासणीला तर सारखं वर दवाखान्यात जावं लागतं, आणि बसने दादा जाणार नाही. म्हणून वहिनींनी शिकायचं ठरवलं. मी शिकवतोय हे दादाला माहीत नाही. "बाईच शिकवतात म्हणून सांगितलंय," म्हणाल्या. मी बाई झालो! घरी येऊन हिला सांगितलं तर ही हसून हसून बेजार.

आणि मग डोळे पुसले. म्हणाली, "अजून किती दिवस चालायचं हे तुम्हा दोघांचं?"

२१ फेब्रुवारी

हिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. इथे देतो.

गेल्या वर्षी पुतणीच्या वाढदिवसाला दादाकडे जेवायला गेलो होतो. पानावर बसताच मी पेट्रोलवर सुरू झालो. मला दुसरा विषय येत नाही हल्ली. दादा म्हणाला, देश चालवायचा तर कर भरावाच लागतो, रस्ते काय आकाशातून पडतात? मी म्हटलं, कुठले रस्ते, खड्डे म्हणायचंय का तुला? तो म्हणाला, तुला तुझ्या टाकीपलीकडे काही दिसत नाही. आणि मी म्हणालो – अजून ऐकू येतं मला – "आयती पेन्शन खाऊन देशभक्ती सोपी असते."

दादा पाणीखात्यात कारकून होता. आमचे वडील गेल्यावर मला गाडी शिकवायचा परवाना काढायला पैसे कुणी दिले? त्याच पगारातून. आणि पेन्शनवर मीच बोललो. तो जेवता जेवता उठला. म्हणाला, "या घरात पुन्हा पेट्रोलचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, "नाव काय, मी पायही ठेवणार नाही." चप्पल घालताना वहिनींनी माझा हात धरला होता. सोडवून घेतला मी.

कशासाठी? कुणा मंत्र्याला ठाऊकही नाही की त्याच्यावरून दोन भाऊ तुटले.

१ मार्च, शनिवार

वहिनी छान शिकतायत. घाबरतात, पण बेफिकीर नाहीत, आणि तेच हवं असतं. फक्त ब्रेकवर एकदम पाय मारतात. माझं डोकं काचेवर आपटायचं बाकी राहिलं. त्यांना सांगितलं, ब्रेक एकदम कचकन मारायचा नाही, दाबत-सोडत, दाबत-सोडत. लहान बाळाला थोपटतात तसं. लगेच जमलं! मग धडा संपेपर्यंत स्वतःशीच पुटपुटत होत्या – दाबत-सोडत.

६ मार्च

आज धडा टाकीपाशी संपला. परत येताना मी गाडी हातात घेतली, वहिनी शेजारी. उतार लागला आणि सवयीने इंजिन बंद केलं. तोंडाने कराबद्दल चालूच होतं – घराचा कर, गाडीचा कर, आणि त्या सगळ्यावरचा अधिभार. वहिनींनी मागे फिरवलेल्या किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  

१८ मार्च, मंगळवार

पास झाल्या! पहिल्या फटक्यात! परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, हल्ली इतकं सांभाळून कुणी चालवत नाही. वहिनी रडल्या. मग पर्समधून खडीसाखर काढून मला दिली, लहान मुलाला देतात तशी. म्हणाल्या, "आता एक दिवस ह्यांना सांगणार, कोणी शिकवलं ते." मी म्हटलं, नका सांगू, गाडीतून उतरून चालत जाईल. हसल्या.

पण मनातून वाटलं, सांगावं त्यांनी. मी स्वतः का जात नाही? रोज दादाच्या गल्लीवरून जातो. गाडी हळू करतो आणि पुढे काढतो. मी जाऊन "चुकलो" म्हणालो तर तो काय म्हणेल, तेही पाठ आहे मला. काहीच म्हणणार नाही. पाट मांडेल. म्हणूनच जाववत नाही की काय!

२७ मार्च

पुन्हा वाढ. मालकांनी चढावरचा धडा रद्द केला. म्हणे चढ फार पेट्रोल पितो. आज रागावायचंही त्राण नव्हतं.

४ एप्रिल, शुक्रवार

दादाला अपघात झाला.

दुपारी पुतणीचा फोन. दवाखान्यातून परत येताना, टाकीच्या उतारावर. वहिनी चालवत होत्या. गाडी थांबेना, वळेना, बाजाराच्या आधीच्या भिंतीवर गेली. दादाचा खुबा मोडलाय. वहिनींच्या हाताला मार. रस्त्यावरचं कुणी गाडीखाली सापडलं नाही, तेवढी देवाची दया.

ही लगेच गेली. मी म्हटलं, शिकवणी आहे, मागून येतो. शिकवणी नव्हती.

५ एप्रिल

गॅरेजवाल्याकडे गेलो. आमच्या स्कूलच्या गाड्या तोच बघतो. दादाच्या गाडीचं नाक आत गेलंय. तो म्हणाला, ब्रेकमध्ये काही दोष नाही, सगळं तपासलं. मग एकदम हळू आवाजात, "गाडी बंद होती हो. किल्ली मागे फिरवलेली होती. उतारावर बंद कोण करतं?"

मला माहीत आहे कोण करतं.

इंजिन बंद असलं की ब्रेकला मागून जोर मिळत नाही. एक-दोन दाबांपुरता जोर शिल्लक असतो. एकदाच दाबून धरला असता तर गाडी थांबली असती. पण त्यांनी दाबत-सोडत लावला असणार. दाबत-सोडत, बाळाला थोपटल्यासारखा. तेवढ्यात होता तो जोर संपला आणि पायाखालचा ब्रेक दगड झाला. स्टिअरिंगही तसंच, जड. बंद करायला माझ्याकडे बघून शिकल्या, आणि ब्रेक मी शिकवला. दोन्ही माझंच!

त्या दिवशी शेजारी बसवून मी इंजिन बंद केलं तेव्हा तोंडाने "तुम्ही कधी असं करू नका" एवढं तरी म्हणालो का? आठवायचा प्रयत्न करतोय. कराबद्दल काय बोललो ते सगळं आठवतं. हे नाही.

७ एप्रिल, सोमवार

खुब्याचं ऑपरेशन झालं. ही डबा घेऊन गेली. मी दवाखान्याच्या आवारात गाडी लावून बसलो. वर गेलो नाही. ही खाली आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारलं त्यांनी." कोणी, हे मी विचारलं नाही.

लोकांत वहिनींचं नाव खराब झालंय. बाईच्या हातात गाडी दिली की असंच, असं वाण्याच्या दुकानात ऐकलं. मी तिथे उभा होतो. साबण घेतला आणि निघालो. साबण!  सरकारला शिव्या घालायला हाच पठ्ठ्या चौकात उभा राहतो.

८ एप्रिल

उतारावरून आज इंजिन चालू ठेवून आलो. आता काय उपयोग.

१० एप्रिल

ठरवलं. उद्या वहिनींना सगळं सांगायचं. मग त्यांच्यादेखत दादाला. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर उभं राहायचं. मालकांनाही सांगणार. शिकवणं सुटलं तर सुटलं. एवढी भीती मला कधी परीक्षेलाही वाटली नव्हती.

११ एप्रिल, शुक्रवार

वहिनी वॉर्डबाहेरच्या बाकावर होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं – उतारावर मी बंद करतो, तुम्ही ते पाहिलंत, ब्रेकही मीच तसा शिकवला, लोक तुम्हाला बोलतात आणि मी ऐकून घेतो.  मग मला शेजारी बसवून म्हणाल्या, "ब्रेकचं मला कळत नाही, भाऊजी. पण बंद करणं मी तुमच्याकडून नाही शिकले. ह्यांच्याकडूनच. भाव वाढायला लागले तेव्हापासून उतार लागला की हे बंद करायचे. त्या दिवशीही हेच म्हणाले, बंद कर. फक्त मला बजावून ठेवलं होतं – धाकट्याला कधी कळू देऊ नकोस."