हॉलचा फिरोजी रंग

५ ऑक्टोबर, रविवार

शी! शी! शी! माहेरून परत आले, दार उघडलं, तर हॉलच्या चारही भिंती फिरोजी! सुनीलने मला न विचारता रंगारी लावला. "सरप्राइज," म्हणे. मोबाइलवर कुठल्या तरी बंगल्याचा फोटो पाहिला होता त्याने. त्या बंगल्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो. आमच्या महाडच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे संडासाचे पाइप!

सासूबाई भिंतीला नाक लावून उभ्या. "निळा म्हनायचा का हिरवा गो ह्यो? धड कायच नाय." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

९ ऑक्टोबर

ट्यूब लावली की सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. वरणसुद्धा हिरवट! अर्धी पोळी टाकून उठले. सुनील म्हणतो, "सवय होईल." घाणीची पण होते म्हणा.

११ ऑक्टोबर

स्टाफरूममध्ये माझं रडगाणं. अनुष्का फोटो बघून हसत सुटली. "अगं, मस्त आहे की! तुला ना, क्रीमच्या पुढे काही दिसतच नाही. दिवाळीत येते बघायला, फराळ तयार ठेव."

बिरवाडीच्या शाळेत लागल्यापासून माझं सगळं हिलाच ठाऊक — नवरा, सासू, माहेर, सगळं. घरी मात्र मी तिला नुसतं 'अनुष्का मॅडम' म्हणते. आडनाव सांगत नाही. ती बौद्ध आहे हे सासूबाईंना कळलं तर नसती कटकट! हे अनुष्काला मी कधी बोलले नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सगळे झोपल्यावर लिहितेय.

अनुष्का आली होती. चकली खात बसली होती, तेवढ्यात धाकटे दीर मुंबईहून टपकले. रितेशभाऊजी. दारातूनच — "ओ वहिनी, हे काय! चुकून बौद्धवाडीत घुसलो वाटलं!" आणि ख्या-ख्या-ख्या! सासूबाईंना लगेच जोर चढला. "मी म्हनत व्हते ना, कायतरी इपरित हाय! लोका काय म्हनतील?" सुनीलचं डोकं मोबाइलमध्ये.

त्या हसण्याची आली इतकी किळस मला त्या रंगाचीही कधी आली नव्हती. आणि मी काय केलं? "चहा घेणार ना भाऊजी?" म्हटलं!

अनुष्काने चकली संपवली. "मला तर आवडला रंग." एवढंच, शांतपणे. भाऊजी म्हणतात, "तुम्हाला काय मॅडम, तुम्हाला कुठे इथे राहायचंय!" ती उठलीच. खाली सोडायला निघाले तर म्हणाली, "जा, चहा उतू जाईल."

गेले मी परत. खरंच गेले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सगळे कसे गोड गोड. शिसारी आली एकेकाची. सगळ्यात जास्त माझी.

२६ ऑक्टोबर, रविवार

तुळशीच्या लग्नाआधी रंग बदलायचा — सासूबाईंचा हुकूम. सुनील म्हणाला, "तुलाही नव्हताच आवडत ना? मग झालं तर!"

झालं तर! हा रंग जावा म्हणून त्याचा जीव खाल्ला मी, आणि आता जातोय तर नकोसं होतंय. सरळ बोलायचं होतं — मला नाही आवडत हा रंग, पण ह्या कारणासाठी तो जाणार नाही. एवढंच. पण मग पुढचंही बोलावं लागलं असतं. पाडव्याला इथे कोण बसली होती, तिचं आडनाव काय, सगळं. मग सासूबाईंचा चेहरा, भाऊजींचे फोन, आयुष्यभराचे टोमणे...

तोंड उघडलं आणि म्हटलं, "क्रीम घे. हलका."

घाणेरडी आहे मी. भिंत नाही, मी.

३० ऑक्टोबर

क्रीम झाला. सासूबाई खूश. "आता कसा घर वाटतो!" भाऊजींना व्हिडिओ कॉल करून चारही भिंती दाखवल्या. मी कांदा चिरायला आत गेले आणि आतच राहिले.

अनुष्काला फोन करायचा म्हणते आणि मोबाइल परत ठेवते.

६ नोव्हेंबर

शाळा उघडली. एसटीत बसून वाक्यं जुळवत गेले — माफ कर, मी बोलायला हवं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. डबा तिच्यापुढे सरकवला आणि तोंडातून भलतंच आलं, "रंग बदलला गं. क्रीम दिला."

तिने पेपरांवरून मान वर केली. हसली, अगदी नीट हसली.

"बरं झालं, मॅडम. तुम्हाला आवडत नव्हताच."