जो कोण असशील तो, चल

१४ जाने. १९५४, शिरगाव

संक्रांत. समोरच्या पाटलिणीने आळीतल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला बोलावल्या, वहिनीला नाही. वाईटपणाने नसेल, तिलाच कळेना काय करावं. दादा अंदमानात गेल्याला बारा वर्षं होऊन गेली. लढाई तिकडे पोचायच्या आधी लाकडाच्या ठेकेदाराबरोबर करवत्या म्हणून गेला, दिवाळीला एक पत्र आलं, मग तिकडे जपानी आले आणि सगळं बंद. वहिनीला सवाष्ण म्हणायचं की नाही हे गावाने अजून ठरवलेलं नाही.

तिने मला तिळगूळ दिला, नेहमीसारखाच. मला पाटलिणीच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेसे वाटले. गेलो नाही.

१७ जाने.

आईपुढे विषय काढला. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर दर्भाचा पुतळा जाळून क्रिया करायची, ही रीत. मग बाई मोकळी, आमच्यात दुसऱ्या लग्नाचा पाट लागतो. विठ्ठलवाडीचा मोरे, अंबरनाथला कारखान्यात माझ्याच खात्यात फिटर, बायको वारलेली, वहिनीला मागणी घालतोय. सरळ माणूस. चैत्रापर्यंत थांबतो म्हणाला, पुढे नाही.

आई: 'जित्या मानसाचा पुतला जालला तर त्याचं आयुष तुटतं. माजा शंकर जिता हाय. सख्ख्या भावाला जालतोस?'

जेवली नाही. मग मीही नाही.

२४ जाने.

वहिनी सिंधी निर्वासितांच्या कँपात लीलारामच्या बायकोकडे पापड लाटायला जाते. तिला आणायला गेलो तर लीलाराम म्हणाला, 'साईं, जाके देख आओ. मेरा भाई उधर सिंध में रह गया, मैं तो जा भी नहीं सकता. तुम जा सकते हो.'

परत येताना वहिनीला विचारलं, जाऊ का? फाटकापाशी म्हणाली, 'जा भावजी. पण नुसते हात हलवत येऊ नका. हो नाहीतर नाही, काहीतरी आणा.'

२ फेब्रु.

बिनपगारी रजा. साहेब हसला, 'काळ्या पाण्यावर हवा खायला?' परवान्याचा कागद झाला. आईने नारळ दिला, दादाच्या हातात द्यायला. दिसला नाही तर त्याचं काय करायचं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

९ फेब्रु., मद्रास

गाडीत तिसऱ्या वर्गात उभं राहून पाय सुजले. देवळाच्या धर्मशाळेत फरशीवर झोपतो. इथे माझी भाषा कोणाला येत नाही. भाकऱ्यांना बुरशी धरली, खरवडून खाल्ल्या. उद्या बोट.

११ फेब्रु., बोटीवर

सगळ्यात खालचा मजला. फळ्या एकावर एक, माणसं त्यांवर ठेवलेली. कोंबड्या, ओकारी, कच्चं तेल. माझ्या पोटात तर पाणीही ठरत नाही. शेजारचा मलबारी म्हातारा लिंबू हुंगायला देतो आणि दर वेळी परत मागून घेतो.

एकदा वर जाऊन समुद्र पाहिला. चहूकडे काहीच नाही. दादा इथूनच गेला असेल. त्याला पण ओकारी झाली असेल.

१५ फेब्रु., पोर्ट ब्लेअर

पोचलो. माडच माड, पाणी इतकं निळं की राग येतो. हे असं सुंदर असेल ही अपेक्षाच नव्हती, सूड घेतल्यासारखं वाटतं. सॉमिलमध्ये विचारलं. जुनी माणसं थोडी, जुने कागद नाहीत, जपान्यांनी जाळले. 'शंकर? ठाणेवाला? कितने शंकर थे, भाई.'

गुरुद्वारात राहतो. जेवण मिळतं, कोणी काही विचारत नाही.

निर्वासित इथेही. पूर्व बंगालचे. बायका पाण्याच्या बंब्यापाशी भांडतात तशाच, फक्त भाषा वेगळी. क्षणभर कँप नं. तीनमध्ये उभा आहे असं वाटलं.

२१ फेब्रु.

बेटाबेटांवर लाकूडतोडीचे तळ आहेत. त्यांचे ओंडके बांधून लाँच ओढत आणते. तिच्यावर फुकट जाता येतं, बदल्यात खलाशांचा भात रांधायचा. आज रांधला. करपला. शिव्या खाल्ल्या, पण उतरवलं नाही.

एका तळावर दोन दिवस, मग दुसऱ्या. सगळीकडे तोच प्रश्न. मायाबंदरला करेन जातीची एक ब्रह्मी बाई म्हणाली, ठाण्याकडचा एक होता, तापाने गेला. कुठे पुरला? माहीत नाही. दुसऱ्या तळावरचा मुकादम म्हणाला, तो ठाण्याचा नव्हे, नागपूरकडचा. अंगभर पिसवा. पडलेले नारळ खाऊन पोट बिघडलंय. आईचा नारळ पिशवीत, तो फोडत नाही.

२७ फेब्रु., लाँग आयलंड

मराठी ऐकली. तात्या म्हणतात त्यांना, कोल्हापूरकडचे, खुनाच्या शिक्षेवर आलेले, सुटल्यावर इथेच राहिले. माझ्या तोंडून 'अहो' ऐकलं आणि रडायलाच लागले. मासे तळून घातले.

सांगितलं ते असं. लढाईच्या शेवटी धान्य संपलं, तेव्हा जपान्यांनी माणसं बोटींत भरली, शेतीला नेतो म्हणून, आणि समोरच्या एका बेटाजवळ पाण्यात ढकलली. काही पोहून काठाला लागली. बेटावर खायला काही नाही, तिथेच मेली. त्यात सॉमिलचे होते, मराठी पण होते.

मी विचारलं, शंकर होता का, उंच? 'व्हता की, उंच.' डाव्या हाताने करवत धरायचा? 'डाव्याच.' तेव्हा मला शंका आली. म्हटलं, जरा बुटका होता का? 'व्हय, तसा बुटकाच म्हनायचा.'

माणूस खोटारडा नाही. मला रिकाम्या हाताने परत पाठवायचं त्यांच्या जिवावर येतंय, एवढंच. पण दादा पोहायचा. उल्हास नदीला पूर असताना म्हशीचं शेपूट धरून पलीकडे जायचा. म्हणजे काठाला लागला असेल. आणि मग...

२ मार्च

तात्यांनी होडीने नेलं. बेटावर कोणी राहत नाही. वाळू पांढरीशुभ्र, केवड्यासारख्या झाडांची मुळं उघडी, त्या मुळांत हाडं. अजून आहेत. वाळूने घासून गुळगुळीत झालेली.

तात्या लांब उभे राहिले. म्हणाले, 'घे त्यातलं एक. कुनाचं का असंना, आपल्याच मानसांचं हाय.'

मी खूप वेळ बसलो. मोठं कुठलं घेववेना. शेवटी बोटाएवढं एक उचललं आणि धोतराच्या चिंधीत बांधलं. आईचा नारळ तिथेच फोडला, खोबरं कोणी खाल्लं नाही. मला रडू आलं, पण दादासाठी की कोणासाठी ते सांगता येत नाही.

निघताना घोटाळा. आमच्यात अस्थी नेताना पाणी ओलांडलं की मेलेल्याला हाक मारून सांगायचं, चल रे, पाणी ओलांडतोय. नाही सांगितलं तर तो काठावरच राहतो. बाबांच्या वेळी काकाने नदीवर असंच सांगितलं होतं. आता मी होडीत पाय टाकणार, हाक कोणाची मारू? दादा म्हटलं आणि हा दादा नसला, तर हा बिचारा इथेच राहणार, मी त्याचं हाड तेवढं घेऊन जाणार.

म्हटलं, 'जो कोण असशील तो, चल.'

तात्यांनी वल्हं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वल्हवू लागले.

८ मार्च, बोटीवर

खलाशी असलं काही बोटीवर येऊ देत नाहीत, वादळ होतं म्हणे. तुपाच्या रिकाम्या डब्यात तांदूळ, तांदळात तो. शिडीवर पुटपुटलो, चल. मागच्याने ढकललं, 'चलो चलो, क्या बोलता है.'

उलटी झाली नाही या वेळी. डबा पोटाशी धरून पडलो होतो. कोण असेल? सोलापूरचा? बिहारचा? त्याच्याशी बोलत होतो, मराठीतच. शिरगावात कुठे काय आहे ते सांगितलं. बारवीच्या जंगलातही साग आहे म्हणालो, लाकूडतोड्या असशील तर करमेल. वेड लागायची वेळ.

१५ मार्च, गाडीत

मद्रासपासून प्रत्येक पुलावर सांगतोय. लहान ओढेही सोडले नाहीत. समोरची बाई पोराला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

घरी काय सांगायचं ते अजून ठरत नाही. दादाचं म्हटलं की वहिनी सुटते, मोरे वाट पाहतोय. माहीत नाही म्हटलं की आई पुन्हा 'जिता हाय' म्हणणार. सरळ आहे. तरी जीभ उचलत नाही.

१७ मार्च, शिरगाव

अस्थी घरात नेत नाहीत. चिंधी आंब्याच्या फांदीला बांधली. आई आली, पाहिलं. रडेल वाटलं होतं.

'पान्यावर हाक मारलीस?'

'मारली.'

'काय म्हनून?'

'दादा म्हणून.'

एवढंच विचारलं आणि आंब्याखाली बसली. मग हळूहळू, आवाज न करता... इतक्या वर्षांचं. मला तिथे उभं राहवेना. वहिनी दारात होती, चौकट धरून. पाटलीण तिच्याकडे गेली आणि आज मात्र जवळ बसली.

१८ मार्च

भटजी म्हणाला, जुनं मरण आहे, सुतक तीनच दिवस, मग नदीवर क्रिया उरकून घेऊ. पुतळ्याची गरज नाही, अस्थी आहे. मोरे येऊन गेला. अंगणाबाहेर उभा होता, आत आला नाही, टोपी काढून आंब्याकडे पाहत राहिला. चांगलाच माणूस आहे.

आईने दुपारी भात खाल्ला. चेहरा हलका दिसतो. मला वाटलं होतं बातमीने ती मोडेल. मोडली नाही, उलट बसायची जागा सापडल्यासारखी झाली.

१९ मार्च

वहिनी विहिरीवर भेटली. कळशी कठड्यावर ठेवली.

'भावजी, मला खरं सांगा. त्यांचंच का?'

आईशी खोटं बोललो ते निभलं. हिच्याशी नाही निभलं. सगळं सांगितलं, तात्यांचा बुटका नि उंच, मुळांतली हाडं, पुलावर काय म्हणत होतो ते. म्हटलं, पण काय फरक पडतो, दादा गेलाच आहे, कोणी परत आलेलं नाही तिथून. आईला नको सांगू. तू मोकळी हो.

रागावेल वाटलं, की रडेल. तिने कळशीत बोट फिरवलं.

'म्हणजे हा कुणाचा तरी नवरा असेल ना, भावजी. उद्या माझा नवरा म्हणून पाण्यात जाईल. तिकडे ती बसलीय वाट बघत. तिला कोण सांगणार?'

तिने कळशी उचलली आणि गेली. मी दोर तसाच विहिरीत सोडून आलो, मग पुन्हा काढायला गेलो.

२० मार्च, सकाळ

भटजी नदीवर पोचला. न्हावी पोचला. मोरे बदलापूर स्टेशनवर उतरला असं कोणी सांगून गेलं. आईने आंब्याची चिंधी स्वतः सोडून पदरात घेतली आहे, निघायची घाई करतेय.

नदीवर नाव घ्यावं लागतं. भटजी विचारेल, अमक्याचा अमका. मी धाकटा भाऊ, मीच सांगायचं.

वहिनी मागच्या दारी बसली आहे. कुंकू तसंच. आईने दोनदा हाक मारली, पाटलीण एकदा जाऊन आली. आता मला म्हणतात, तू बोलाव, तुझं ऐकेल.

इथे लिहीत बसलोय. ती उठलेली नाही. मीही नाही.