पहिल्या नंबरच्या देशातलं बसचं तिकीट

रविवार, ८ मार्च

लेकीचा फोन. आमचा नेहमीचा खेळ — मी इथला भाव सांगायचा, तिने तिथला. पाव, दूध, केस कापणं, बसचं तिकीट. खेळ यांनी सुरू केलेला, ती परदेशी गेली तेव्हा. हे गेले, आम्ही दोघींनी तो मोडला नाही.

तिथला केस कापायचा भाव ऐकून म्हटलं, एवढ्यात इथे डोकंच नवीन बसवून मिळेल! ती हसली. पण उशिरा.

बसचं तिकीट विचारलं तर म्हणाली, "बघून सांगते." रोज बसने कामाला जाणारी मुलगी — बघून सांगते?

मंगळवार, १० मार्च

पेपरात सुखी देशांची यादी आलीय. लेकीचा देश पहिला. भावजींना दाखवली. म्हणाले, वहिनी, उगाच जीव टांगणीला लावता, पोरगी पहिल्या नंबरात राहते. आपला देश कुठे विचारलं, तर म्हणाले खालून मोजा, लवकर सापडेल.

या यादीसाठी लोकांना एकच प्रश्न विचारतात म्हणे. समजा दहा पायऱ्यांची शिडी आहे, तुम्ही कितव्या पायरीवर? मी कामाला जाते त्या शिवणकामाच्या दुकानात पॅन्टची उंची कमी करता करता टेलर मास्तरांना विचारलं. तोंडातली टाचणी काढून म्हणाले, "आधी सांगा, शिडी धरलीय कोणी?"

गुरुवार, १२ मार्च

झोप नाही. यांची खुर्ची रिकामी, तिच्याशीच वाद घातला. दोन वर्षं लेक 'ये, ये' म्हणत होती, पासपोर्टही काढायला लावला. मी हलले नाही. यांचं घर सोडून कुठे जाऊ? हल्ली ती 'ये' म्हणत नाही. मला वाटलं, रुळली.

रविवार, १५ मार्च

आज पाव-दूध काही नाही. सरळ विचारलं, बसचं तिकीट किती? म्हणाली, वाढलं असेल. असेल म्हणजे? तिने हवेचा विषय काढला. 

"बाई, घराबाहेर शेवटची कधी पडली होतीस?"

"आठवत नाही गं आई." मग हळूहळू सगळं आलं. नोकरी हिवाळ्यातच गेली. पडदेसुद्धा उघडत नाही. दूध-पाव दारात येतं, त्याचे भाव तेवढे पाठ.

"सांगितलं का नाहीस?"

"इथे सगळे सुखी आहेत. कुणाला सांगू? आणि तुला बाबांचंच एवढं..."

  रात्री उशिरापर्यंत फोन दोघींनी ठेवला नाही.

सोमवार, १६ मार्च

मास्तरांना सांगितलं, सुट्टी हवी. किती दिवस? माहीत नाही. त्यांनी माझी कात्री कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. भावजी म्हणाले, तिकडे एकटीने जाणार? भाषा येते का? म्हटलं, लेकीची येते.

रविवार, १९ एप्रिल

इथल्या बसचं तिकीट फार महाग. दोन काढली.