डमरूवाल्या बेडकांबद्दल खरे काय ते

मी, काळुराम बाबाजी म्हात्रे, वय अंदाजे बहात्तर, राहणार जिते, तालुका पेण. हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल सर्वांची माफी मागतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. शिक्षण चौथी, तरी चूकभूल सुधारून वाचावी.

१. राहते घर व भातशेती मुलगा कान्हू याला.

२. मिठागरातली फावडी, घमेली त्यालाच. कंपनीत शिफ्ट करणाऱ्याला ती नकोत, तरी विकू नयेत. शेजारी हैबतरावाला उसनीही देऊ नयेत. मागे कुदळ नेली ती दांड्याशिवाय परत आली.

३. घरामागची तळी मुलगी सरोजिनी हिला. कान्हूला दिली तर तो तीत भराव टाकील. तळीवर दोन जातींचे झाडबेडूक आहेत. एकाच्या पाठीवर ठिपके, तो टक टक बोलतो. दुसऱ्याच्या पाठीवर डमरूची खूण, तो कर्र करतो. सहा वर्षांपासून तिसराच दिसतो. अर्धा डमरू, बाकी ठिपके. सुरुवात टक टक, शेवट कर्र. पेणच्या कॉलेजातले माधवराव सर म्हणाले, दोन जातींचा आपोआप संकर झाला, असे क्वचित घडते. ते यावर लेख छापणार आहेत. ‘बेडूक बाहेरून आणलेले नाहीत’ या कागदावर त्यांनी माझी सही घेतली.

४. तो कागद खोटा आहे. बहात्तर साली पाऊस लांबला, गावाने धोंडी काढली. मुसळाला बेडूक बांधून दारोदार फिरवायचा, बायका वर पाणी ओततात, मग तो जिथला तिथे सोडायचा, असा नेम. गावात बेडूक मिळेना. मी रोह्याजवळच्या सासुरवाडीहून, न्हाणीतल्या रांजणामागचे तीन डमरूवाले डब्यात घालून आणले. परत सोडायला निघालो तर एसटी चुकली. तिघांना तळीत सोडले आणि बायकोला, शांतीला, सांगितले की रोह्याला सोडून आलो. पुढच्या पावसाळ्यात ती दारात थबकली.

“अवो, माझ्या म्हायेरचा बेडूक हितं कसा वरडतो?”

“बेडकाला कसलं म्हायेर गो?”

“त्याला नसंल. मला हाय. मी वळखते.”

ती वारली, मी कबूल केले नाही. सर आले तेव्हा नाव छापून येईल म्हणून सही केली. ते तिघे सोडण्याआधी तळीवर कर्र ऐकल्याचे आठवत नाही. पण तेव्हा मी बेडकांकडे कान देत नव्हतो. जोड मात्र कोणी लावून दिली नाही, ती त्यांनीच जमवली. याला आपोआप म्हणायचे की नाही, ते सरांनी ठरवावे.

५. हे मी मेल्यावर उघडले तर लेख छापून झालेला असेल. म्हणून सरोजिनीने चौथे कलम व सहीखालचा मजकूर उतरवून उद्याच सरांना द्यावा.

सही: काळुराम बाबाजी म्हात्रे
साक्षीदार: शिवा गजानन पाटील, निमिष वामन जोशी
जिते, २ ऑगस्ट १९९६

सर, लेख थांबवला का, एवढे पोस्टकार्डावर कळवा. रागावला असाल तर नुसते ‘थांबवला’ लिहा. पण लवकर कळवा.